सोडनाच व्हता ते धरा कसाले?

खान्देशातला माणूस मासे धरायला जातो असं कधी सांगत नाही. 'जरा धरणाकडे चक्कर मारून येतो' म्हणतो. त्याचीही बाजू आहे. घरात आई माळकरी असते, भिंतीपलीकडे जैन कुटुंब राहतं, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या आणि अख्खा श्रावण वजा केला की मासे खायला जे दिवस उरतात, त्यातले निम्मे हिवाळ्यात भरीत पार्ट्यांना जातात. वांग्याबद्दल आम्ही चारचौघांत बोलतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, केळीला आहे. वाघूरच्या मरळीला कसलंच मानांकन नाही. ती गुपचूप येते, मागच्या अंगणात वेगळ्या पातेल्यात शिजते आणि सकाळपर्यंत पातेलंसुद्धा राखेनं घासून पालथं पडलेलं असतं.

त्यामुळे गळाची डबी घरात येतच नाही. ती स्कूटरच्या डिकीत, पान्हे आणि जुन्या फडक्याखाली असते. डबी बहुतेक तंबाखूची. उघडली की आतले दहा-पंधरा गळ एकमेकांत असे गुंतलेले, की एक उचलला तर सगळा गोतावळा वर येतो. प्रत्येकाच्या टोकामागे दोन-तीन मिलिमीटरवर तो उलटा काटा. तारेला तिरका छेद द्यायचा आणि ती चीर किंचित उचलायची, झाला काटा. एवढ्याशा चिरेचं काम एकच: आत जाताना अंग चोरायचं आणि बाहेर येताना हातपाय पसरायचे. मुंबईच्या हौशी मंडळींकडे नॉर्वेच्या मस्टाड कंपनीचे गळ असतात म्हणे. आमचे बाजाराच्या दिवशी घेतलेले, कुलपं, नाड्या आणि उंदराचं औषध एकाच ताडपत्रीवर मांडून बसलेल्या माणसाकडून. नंबर सांगितला तर तो 'ल्हान का मोठा?' एवढंच विचारतो. काटा हवा की नको, हा प्रश्न त्याच्या ताडपत्रीवर कधी आलाच नव्हता.

तो आला परदेशी भाच्याबरोबर. आमच्या धुळ्याच्या मामांचा एक भाचा, म्हणजे माझा मावसभाऊ, व्हँकुव्हरला असतो. दिवाळीला आला तो चार तुकड्यांत मोडणारी कार्बनची काठी आणि प्लॅस्टिकची एक पेटी घेऊन. पेटीला खणच खण, प्रत्येक खणात वेगळ्या नंबरचे गळ, आणि एकालाही काटा नाही. मामांनी एक गळ चिमटीत धरला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी नेला आणि टोकावरून नख उलटं फिरवलं. नख कुठंच अडलं नाही.

"काटा नही, ते गय कसाना?"

भाच्यानं समजावून सांगितलं. तो राहतो त्या ब्रिटिश कोलंबियात नदीवर मासे धरायचे तर बिनकाट्याचाच गळ लावावा लागतो, तसा कायदाच आहे. गळ चटकन निघतो, माशाच्या तोंडाला इजा कमी होते, मासा पाण्याबाहेर फार वेळ राहत नाही, सोडल्यावर जगतो.

"सोडल्यावर म्हंजे?"

"म्हणजे मामा, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा."

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस, त्यांनी आयुष्यभर पाणी सोडलं होतं. मासा सोडल्याची नोंद त्यांच्या कुठल्या रजिस्टरात नव्हती. शेवटी म्हणाले, "सोडनाच व्हता ते धरा कसाले, भो?"

हा प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नाही. स्वित्झर्लंडच्या सरकारनं अगदी हाच विचारला आहे. तिथल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत, सोडून द्यायच्या इराद्यानं मासे धरायला मनाई आहे. खायचा नसेल तर त्याला छळता कशाला, हा मुद्दा. आणि त्याच देशात काही अपवाद सोडले तर काट्याच्या गळालाही मनाई आहे. म्हणजे तिथं गळ भाच्याचा लागतो आणि हेतू मामांचा. मामांना हे कळल्यापासून घड्याळाव्यतिरिक्तही त्या देशाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं आहे.

भाच्याची बाजू लंगडी होती असंही नाही. महसीरसारखा मासा घ्या. कधीकाळी तापीतही नांदणारा हा दांडगा मासा आता सांगोवांगीचा उरला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडायचं काम चालवलं आहे, ते काही कुणा हौशी गड्यानं कालवण करावं म्हणून नव्हे. अशा माशाला गळ लावायचाच तर काटा दाबलेला असावा आणि मासा माघारी जावा, हे पटतं. पण भाच्याला आमच्याकडे महसीर भेटणार नव्हता. भेटणार होती चिलापी.

चिलापी हा काट्याच्या वादातला सगळ्यात नालायक साक्षीदार. मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली आणि आता डबकं तिथं चिलापी. तिला काट्याचा गळ लागत नाही, बिनकाट्याचा लागत नाही, वाकवलेली टाचणीही चालते. सोडली तर पाच मिनिटांनी तीच परत येते, असं आमच्याकडचे जाणते सांगतात. ओळख कशी पटते, हे कोणी सांगत नाही. वाम ही दुसऱ्या टोकाची. ती गळ चाखत नाही, थेट पोटात उतरवते आणि वर काढली की मनगटाला वेढे घालते. अशा वेळी काटा असला काय आणि नसला काय, आधी माणसानं स्वतःला सोडवायचं असतं. कटल्याचं तोंड मऊ, दात नाहीत. तो कणकेची गोळी ओढून घेतो आणि दोरी सैल पडली की बिनकाट्याच्या गळावरून सुखरूप घरी जातो. खरा कस मरळीचा. जबडा टणक, आत दात, आणि बेडकीवर झडप घालताना पाणी असं फुटतं की काठावर डुलकी काढणारा माणूस चपला सोडून उठतो. तिच्या तोंडात बिनकाट्याचा गळ रोवायचा तर दोरी क्षणभरही ढिली पडता कामा नये. आता दोरी ताठ ठेवून उभं राहणं आणि बायकोचा फोन उचलून 'मी बँकेत आहे' म्हणणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करायची असतात. काट्याचा शोध अशाच एखाद्या अडचणीतून लागला असावा.

शोधाचं वय मोठं आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या गुहेत सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीचे शंखाचे गळ सापडले, त्यांना काटा नाही. मोहेंजोदडोत तांब्याचे सापडले, त्यांना आहे. मधल्या सगळ्या काळात निसटलेल्या माशांबद्दल जे जे बोललं गेलं असेल, त्याचं फळ म्हणजे ती चीर. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' हा स्वतंत्र भाग आहे. कोणता मासा, त्याला काय चारायचं, गळ टाकायचा कसा, सगळं. हे सांगितल्यावर भाचा खूष झाला: बघा मामा, हा खेळच आहे, आपल्याकडेही होता! त्याच ग्रंथात 'अन्नभोग' असाही एक भाग आहे आणि त्यात मासे शिजवायच्या रीती दिल्या आहेत, हे सांगितल्यावर मामा खूष झाले. राजेलोकांना दोन्ही बाजू सांभाळता येतात.

शास्त्र काय म्हणतं, तेही भाच्यानं फोनवर काढून दाखवलं, आणि तिथं त्याची जरा पंचाईत झाली. १९९७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ट्राउट माशावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. काट्याच्या गळानं धरून सोडलेले मासे मेले शेकडा ४.५, बिनकाट्याच्या गळानं धरून सोडलेले मेले शेकडा ४.२. फरक दशांश तीनचा. त्या दोघांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हा सामाजिक प्रश्न असल्याचं म्हटलं आहे. दशांश तीन म्हणजे किती, हे मामांनी विचारलं. मी म्हटलं, हजार माशांत तीन. "आपुन हजार मासा कव्हय धरसूत?" मामा म्हणाले आणि तो विषय त्यांच्या बाजूनं मिटला.

माझ्या मते मात्र काट्याशी ज्याचा खरा जिव्हाळ्याचा संबंध येतो तो अवयव माशाला नसतोच. तो म्हणजे आंगठा. भुसावळचे आमचे एक गार्डसाहेब, रेल्वेतून निवृत्त. वाघूर धरणाच्या फुगवट्यावर दर रविवारी ठरलेल्या दगडावर बसणारे. एका रविवारी गळाला गांडूळ लावताना मागून कोणीतरी "काय साहेब, लागलं का काही?" असं विचारलं आणि लागलं. गळ आंगठ्यात, काट्यासकट. आता काट्याचं काम आपण वर पाहिलंच. गार्डसाहेबांनी एकदा मागे ओढून बघितलं आणि मग पुन्हा ओढायचं नाव काढलं नाही.

काठावर तोवर सात-आठ जण जमले. जळगाव जिल्ह्यात कुठल्याही दुखण्यावर सल्ला द्यायला यापेक्षा कमी माणसं जमत नाहीत. एकानं हळद सुचवली. एकानं पेट्रोल. एका पोरानं सांगितलं की गळ तसाच राहू द्यावा, आठ दिवसांत आपोआप गळून पडतो, त्याच्या म्हशीचा पडला होता. तिला गळ कुठं आणि कसा लागला, हे विचारायची ती वेळ नव्हती. शेवटी गार्डसाहेबांना मोटारसायकलवर मध्ये बसवून गावातल्या दवाखान्यात नेलं, आंगठा वर, त्यातून लोंबणारा दोन हात तंगूस वाऱ्यावर, आणि तंगूसाच्या टोकाला बूच. रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती. कोणी मिरवणूक समजून नमस्कारही केला.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, गळाच्या वळणात दोरी अडकवायची, दांडी खाली दाबून धरायची आणि दोरीला एकच हिसडा द्यायचा. दोन, बधिर करून गळ पुढे ढकलायचा, टोक दुसरीकडून बाहेर आलं की काटा कापायचा आणि उरलेला गळ मागे घ्यायचा. "म्हणजे बाहेर काढण्यासाठी आधी आणखी आत?" गार्डसाहेबांनी विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढे काय चाललंय याची फिकीर न केलेल्या माणसाला हा हिशेब जड गेला. दवाखान्यात काटा कापेल असं हत्यार नव्हतं. कंपाउंडर समोरच्या पंक्चरवाल्याकडून पक्कड घेऊन आला, ती उकळली आणि काम झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.

पुढच्या रविवारी गार्डसाहेब आपल्या दगडावर हजर. मांडीवर रुमाल, रुमालावर झाडून सगळे गळ, हातात पक्कड. एकेक गळ पक्कडीत धरून काटा दाबत होते. काटा दबताना बारीक 'टिक्' असा आवाज येतो, सारखा जोर दिला तर तो सपाट बसतो, हिसका दिला तर टोकासकट तुटतो. मी कारण विचारलं. त्यांनी पैलतीराकडे पाहिलं. म्हणाले, "ही वाघूर कुठून येते माहीत आहे? अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून. तिथं भगवान बुद्ध, आणि खाली येऊन आपण काय करतो? मुक्या जिवाला केवढ्या यातना!" आंगठ्याची पट्टी त्यांनी बोलताना खिशात ठेवली होती. करुणेचा उगम कुठून का होईना, जळगाव जिल्ह्यातला बिनकाट्याच्या गळाचा पहिला प्रचारक मी असा घडताना पाहिला. ते मासे सोडतात का? नाही हो. करुणा आंगठ्यापर्यंतच आहे.

१९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. गळाच्या बाबतीत ही वाटणी अजून जाणवते. पूर्वेकडे हतनूर आहे, वाघूर आहे. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की खाली तापीच्या पुलांवर जी गर्दी होते, ती सगळीच पूर बघायला आलेली नसते. तिथं काटा ठेवावा की दाबावा, यावर चर्चेला फुरसत आणि पाणी दोन्ही आहे. धुळ्याला फुरसत आहे. पांझरा शहरातून जाते, पण वर्षातले बरेच महिने ती जाते म्हणजे नेमकं काय करते, हे नकाशा बघूनच कळतं. त्यामुळे धुळेकर नकाणे तलाव गाठतो, साक्रीकडे अक्कलपाडा गाठतो, नाहीतर थेट मुडावदला, जिथं पांझरा एकदाची तापीला मिळते. इतकं पेट्रोल जाळून आलेला माणूस मासा परत सोडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि या सगळ्या काटेकोर चर्चेच्या वर एक ठेकेदार असतो. धरणातली मासेमारी सरकार ठेक्यानं देते, बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था मत्स्यबीज सोडते, वाढवते, विकते. तिचा माणूस बांधावरून येतो, काखेत वही. त्याला गळाला काटा आहे की नाही यात काडीचा रस नसतो. "कोणाले इचारीसन बठनात?" हा त्याचा एकमेव शास्त्रीय प्रश्न. आणि त्याचंही बरोबर आहे. रात्री जिलेटिन उडवून मासे मारणारेही त्याच्याच वाट्याला येतात. पाण्यात स्फोट किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी आवाज येतोच. ज्याच्या डोक्यात जिलेटिन आहे, त्याच्यापुढे काटा दाबलेला गळ घेऊन उभं राहिलेल्या माणसाचं कौतुक कोण करणार?

तरी भाच्याचं मन राखायला आम्ही त्या दिवाळीत अक्कलपाड्याला गेलो. मामांनी संस्थेच्या माणसाशी आधीच बोलून ठेवलं होतं. खात्यातली जुनी ओळख. भाच्यानं काठी जोडली, बिनकाट्याचा गळ बांधला. मामांनी आदल्या रात्री भिजवलेली सरकीची ढेप पाण्यात भिरकावली आणि कणकेत हिंग मळून दिला, कारण गळ कुणाचाही असो, आमिषाच्या बाबतीत कॅनडाचं ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. थोड्या अंतरावर ट्रकच्या ट्यूबवर बसून एक जण हातानं पाणी मारत जाळं बघत फिरत होता. पाय पाण्यात, डोक्याला फडकं.

उन्हं कलताना काठी वाकली. भाचा ओरडला नाही, दोरी ताठ ठेवून पावलं मोजत मागे आला, चांगलं पंधरा मिनिटं चाललं, आणि दोन-अडीच किलोचा कटला काठाला लागला. मामांनी पिशवी उघडून धरली. तोंडाला पाणी सुटलं होतं ते लपवण्याचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. भाच्यानं आधी हात ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. दोन बोटांनी गळ धरला, किंचित वळवला आणि तो लोण्यातून सुटावा तसा सुटला. रक्ताचा थेंब नाही. ते बघून मामांच्या तोंडून 'वा!' निघून गेलं, हे मी कानांनी ऐकलं आहे. मग फोटो. मग भाचा गुडघाभर पाण्यात उतरला, माशाला दोन्ही तळव्यांवर आडवं धरून हळूहळू पुढेमागे करत राहिला, त्याच्या कल्ल्यांत पाणी खेळायला लागलं, शेपटी हलली, आणि कटला गेला.

रिकामी पिशवी मामांनी घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी मामी काय विचारतील ते आम्हाला पाठ होतं.

मासा गेला तो फार लांब गेला नाही. दमलेला होता. वीसेक हातांवर पाणी खळबळलं, ट्यूबवाल्यानं जाळ्याची कड उचलली आणि दोन-अडीच किलोचा कटला बाहेर काढला. त्यानं तो आमच्यादेखत ट्यूबला बांधलेल्या पोत्यात टाकला. भाचा बघतच राहिला. मामांनी त्याला हाक मारून काठाला बोलावलं. भाव झाला. तो तीनशे म्हणाला, मामा दोनशे म्हणाले, मासा आमचाच आहे हा मुद्दा मामांनी काढला, तर त्यानं जाळं दाखवलं. शेवटी अडीचशेवर तुटलं. पैसे भाच्यानं दिले, मोठी नोट दिली आणि सुटे परत घेतले नाहीत.

ट्यूबवाल्यानं नोट फडक्याच्या गाठीत बांधली, एक पाय काठाला लावून ट्यूब पाण्यात ढकलली आणि भाच्याकडे वळून म्हणाला, "आखो सोडनार व्हशात ते सांगा, भाऊ. मी आठेच शे."